रेषेच्या बाहेर अर्धा इंच

मला शिवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. बटण तुटलं तर कसंबसं लावते, तेही आतून गाठींचा गठ्ठा करून. आणि अशी मी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसून बायकांना पोस्टानं शिवण शिकवत होते.

संस्था लहानशी होती. दोन खोल्या, शाईनं बरबटलेलं एक सायक्लोस्टाइल यंत्र, पाकिटांचे गठ्ठे आणि खालून वर येणारा डेटॉलचा वास. घरबसल्या शिकायचे चार अभ्यासक्रम आम्ही चालवायचो. त्यातला शिवणकामाचा सगळ्यात जास्त खपायचा. दर पंधरा दिवसांनी एक पाठ पोस्टानं जायचा. पाठाच्या शेवटी प्रश्न असत. विद्यार्थिनीनं उत्तरं आणि शंका लिहून पाठवायच्या, आणि सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं एक कोरं पोस्टकार्ड जोडायचं. त्यावर आम्ही गुण आणि शेरा लिहून कार्ड परत टपालात टाकायचो. कार्ड तिचं, पत्ता तिच्या अक्षरात, आणि लिहायची जागा तेवढी आमची. ही युक्ती संचालकांची होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगितल्याशिवाय ते चहा मागवत नसत.

मी पाठ लिहायचे. डोंबिवलीहून रोज यायचे, बी.ए.ला मराठी घेतलेलं, आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती. "भाषा चांगली असली की कुठलाही विषय लिहिता येतो," असं संचालक मुलाखतीत म्हणाले होते. माझा त्यावर ताबडतोब विश्वास बसला. स्वतःची स्तुती पटायला वेळ लागत नाही.

विषयातलं कळणारी माणसं वेगळी होती. ती दोन होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

एक होत्या बाई. नौपाड्यातच राहायच्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, इस्त्रीची सुती साडी, घरात खाकी कागदाच्या गुंडाळ्या आणि लाकडी पट्ट्या. प्रत्येक कपड्याची आकृती त्या आधी कागदावर काढायच्या. माझ्या मजकुरावर जांभळ्या शाईनं शेरे मारायच्या. मी पदवीधर असूनही त्यांच्यासमोर मला सहावीत असल्यासारखं वाटायचं.

दुसरे होते मास्तर. कल्याणला बाजारात त्यांचं शिवणाचं दुकान होतं, इतकं अरुंद की मापं द्यायला आलेल्या बाईला रस्त्यावरच उभं राहावं लागे. गळ्यात टेप, कानावर खडू. कागद वगैरे भानगड नाही, थेट कापडावर रेषा मारायची आणि कात्री चालवायची. ते लिहून काही देत नसत. ते बोलायचे आणि मी त्यांच्या स्टुलावर बसून लिहून घ्यायचे. त्यामुळे बाईंचा अभिप्राय जांभळ्या शाईत ठसठशीत असायचा, आणि मास्तरांचा माझ्याच अक्षरात. कोणाचं म्हणणं जास्त वजनाचं वाटायचं हे सांगायला नको.

दोघंही आपापल्या कामात पक्के होते. भांडण होतं ते एका रेषेवरून. शिवणीच्या आत दाबायला जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. बाईंच्या पद्धतीत ही माया मापातच मिळवलेली असायची, म्हणून आकृतीची रेषा आली की तिच्यावरून बिनधास्त कापायचं. मास्तरांच्या पद्धतीत रेषा म्हणजे शिवण जिथून जाणार ती जागा. कापायचं तिच्या बाहेर अर्धा इंच सोडून. दोन्ही तऱ्हांनी कपडा बरोबरच बसतो. फक्त शिकणारीला कळायला हवं की समोरची रेषा कात्रीची आहे की सुईची.

संचालकांनी एकदाच दोघांना कचेरीत चहाला बोलावलं. बिस्किटांची बशी निम्मी होईपर्यंत सगळं गोड चाललं होतं.

"अगं, रेषा म्हणजे रेषा," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. मास्तरांशी त्या थेट बोलतच नव्हत्या. "नवशिक्या मुलीला बाहेर अर्धा इंच सोड म्हटलं तर ती कुठे पाव सोडेल, कुठे पाऊण. मुळात नियमच असा हवा की चुकायला जागा राहू नये."

"आणि मग गिऱ्हाईक जाड झालं, ब्लाऊज उसवून सैल करायचा झाला, तर कुठून आणणार कापड?" मास्तर म्हणाले. "बाईंनी कधी दुसऱ्याचं कापड कापलंय काय? त्या कागद कापतात. कागदाला काय, फाडला तर दुसरा."

"शिंप्याला शिवता येतं. शिकवता येईलच असं नाही," बाई म्हणाल्या, परत मलाच.

मास्तर उठले, बशीत कप ठेवला आणि जिना उतरून गेले. बाईंनी मात्र चहा पूर्ण प्यायला. दोघांनीही एकमेकांना जे सुनावलं त्यात थोडं थोडं खरं होतं आणि ते मला तेव्हाही समजलं होतं.

संचालकांनी ते प्रकरण माझ्या गळ्यात मारलं. "तुम्ही बघा कसं ते. पण मुखपृष्ठावर दोघांचीही नावं हवीत. बाईंमुळे शिकलेल्या घरातल्या बायका येतात, मास्तरांच्या नावावर बाकीच्या. आणि हा अभ्यासक्रम पुरा झाला की तुमच्या कायम होण्याचंही बघू."

मला त्या कामाचं भय वाटलं नाही, उलट थोडा चेवच आला. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आई आणि वहिनी यांच्यामध्ये मी हेच करत आले होते. हिचं तिला सांगायचं नाही, तिचं हिला सांगायचं नाही, दोघींनाही वाटलं पाहिजे की आपलंच चाललं. आमच्या घरात भांडण म्हणून होत नाही असं शेजारणी म्हणायच्या आणि ते श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घ्यायचे. तीच अक्कल मी कचेरीत चालवली. त्यानंतर त्या दोघांची गाठ मी पडू दिली नाही. बाईंना मास्तरांचं पान दाखवायचं नाही आणि मास्तरांना बाईंचं. सकाळी नौपाड्यात एकीला मान डोलवायची, दुपारी कल्याणला जाऊन दुसऱ्याला. माझ्याइतकी समजूतदार मुलगी दोघांनीही पाहिली नव्हती.

नववा पाठ ब्लाऊजचा होता. तोच खरा पाठ. बाकी झबली, परकर, उशीचे अभ्रे हे सगळं तिथपर्यंत पोचायचा जिना. ब्लाऊज जमला की शिकणारीला घरी गिऱ्हाईक मिळतं.

पुढच्या आणि मागच्या भागाची आकृती आपलीच असली पाहिजे यावर बाई अडून बसल्या. मास्तरांचा हट्ट बाहीचा. "बाही मी सांगतो तशीच पाहिजे. ब्लाऊज बाहीवर बसतो. बाकी काय पण करा." मला हे ऐकून हायसं वाटलं. एकीला धड हवं, दुसऱ्याला बाही. मी धड बाईंचं घेतलं आणि बाही मास्तरांची. इतकी सोपी वाटणी मला घरातही कधी जमली नव्हती.

पाठाच्या सुरुवातीला सर्वसाधारण सूचनांचं एक पान होतं. त्यात मास्तरांनी सांगितलेली ओळ मी घातली होती: बाही कापताना रेषेच्या बाहेर अर्धा इंच माया सोडावी. ते पान बाईंकडे गेलं. त्यांनी जांभळ्या शाईनं ती ओळ खोडली आणि समासात लिहिलं, "अनावश्यक. माया मापात धरलेली आहे. रेषेवर कापावे." त्यांच्या आकृत्यांपुरतं ते खरंच होतं. बाहीची आकृती दुसऱ्याची आहे हे त्यांना मी सांगितलेलंच नव्हतं. मी ओळ काढून टाकली आणि तिच्या जागी "रेषेवर कापावे" एवढंच घातलं. मास्तरांना मी फक्त बाहीचं पान नेऊन दाखवलं. त्यांनी आकृतीवरून बोट फिरवलं, "बराबर आहे" म्हणाले. आपली ओळ सूचनांच्या पानावर असणार असं ते धरून चालले. दोघांच्या सह्या एकाच दिवशी मिळाल्या आणि मी स्टेशनजवळून आईसाठी पेढे घेऊन घरी गेले.

आमच्यापैकी एकालाही एक साधी गोष्ट सुचली नाही. बाई, मास्तर, संचालक, मी, चौघांनी तो पाठ आपापल्यापुरता वाचला, तपासला, वाखाणला. तो पाठ पुढ्यात ठेवून कोणी एक ब्लाऊज शिवून पाहिला नाही. वहिनीकडे मशीन होतं. तिच्यापुढे पानं टाकून "वाचून कर बघू" म्हटलं असतं तर एका दुपारचं काम होतं. पण तज्ज्ञ असताना वहिनीला कोण विचारतो?

पाठ गेला. तीन आठवडे काही झालं नाही. मग एक जाड पाकीट आलं.

ते पाकीट कोणाचं हे मी पत्ता न वाचता अक्षरावरून ओळखलं. खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली विद्यार्थिनी होती ती. सातवी झालेली. पहिल्या उत्तरपत्रिकेत तिनं स्वतःबद्दल लिहिलं होतं, की खाडीत आता कारखान्यांचं पाणी येतं, मासळी जाळ्यात येते ती मेलेली, मालक, म्हणजे नवरा, होडीला रंगही लावत नाहीत, म्हणून शिवण शिकून घर चालवायचा विचार आहे. तिची काजं मी कागदावर चिकटवलेली पाहायचे तेव्हा मला, न शिवणारीलासुद्धा, त्यांच्यावरून बोट फिरवावंसं वाटे. प्रत्येक कार्डावर मी तिला "उत्तम" लिहीत आले होते.

या वेळी पाकिटात उत्तरं नव्हती. एक पत्र होतं, पोस्टकार्ड होतं, आणि घडी घातलेली एक पिवळीधमक बाही होती.

पत्रात तिनं लिहिलं होतं की त्यांच्यात लग्नाच्या हळदीला घरच्या सगळ्या बायका एका रंगाच्या साड्या नि एका रंगाचे ब्लाऊज घालतात. शेजारच्या घरच्या लग्नातले सात ब्लाऊज तिनं मागून घेतले. ही तिची पहिली शिलाई. एकाच ताग्याचं कापड होतं. नवव्या पाठाप्रमाणे तिनं सातही बेतले, बाह्या थरावर थर ठेवून एकदम कापल्या, आणि सातही ब्लाऊजना बाही मुंढ्यात, म्हणजे धडाला जिथे जोडतात तिथे, कमी पडली. ओढून शिवली तर हात वर होत नाही, काखेत उसवते. "मी पाठ पुष्कळ वेळा वाचला. रेषा सोडली नाही. माझे काय चुकले ते कृपया कळवावे. माझी चूक कळली तर मी सुधारेन. पुढचे काम घ्यावे की नाही हे तुमच्या उत्तरावर आहे."

मी ती बाही पर्समध्ये घालून बाईंकडे गेले. बाईंनी पट्टी लावली, चष्मा सारखा केला. "हिनं माया धरलेली नाही."

"पाठात रेषेवर कापा म्हटलंय, बाई."

"माझ्या आकृतीत रेषेवरच कापायचं."

"ही बाही मास्तरांच्या आकृतीची आहे."

बाईंनी बाहीची पुन्हा नीट घडी केली, होती त्याच घडीवर, आणि माझ्या हातात दिली. "मग हे मला सही करण्याआधी सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून कल्याणला गेले. मास्तरांनी बाही दोन्ही हातांत ताणून धरली आणि त्यांना एक क्षणही लागला नाही. "रेषेवर कापली. कोणी सांगितलं रेषेवर कापायला? माझी ओळ कुठे गेली?"

"छपाईत राहिली असेल," मी म्हणाले. खोटं बोलायला मला तरी कुठे वेळ लागला?

 ते बाहीची कड उजेडाकडे धरून बघत राहिले. "ताई, ही बाई कोण आहे? हात बघा हिचा. सात थर एकदम कापलेत म्हणता ना? सूतभर इकडेतिकडे नाही. माझ्याकडे दहा वर्षं मशीनवर बसलेला माणूस अशी कात्री नाही चालवत." मग बाही माझ्याकडे देत म्हणाले, "आजच्या आज कळवा तिला. चूक तिची नाही म्हणावं. दुरुस्त होतं हे. काखेत पट्टी जोडायची, सात ब्लाऊज वाचतात. पण आता कळवा, हळद होऊन गेल्यावर काय उपयोग?"

परत येताना माझ्या लक्षात आलं की बाकीच्या बायकांच्या तक्रारी का आल्या नाहीत. ज्यांनी आधी घरी थोडंफार शिवलं होतं, त्यांनी हाताला सवय म्हणून बाहीला कापड सोडलं असणार. ज्यांनी पाठ अर्धवट वाचला, त्यांचाही ब्लाऊज बसला. फसली ती फक्त आमच्यावर अक्षराअक्षरानं विश्वास ठेवणारी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं होतं. दोन तज्ज्ञांच्या पंगतीत ती एकटीच उपाशी उठली होती.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. "हे बघा, एका बाईला चूक कबूल केली की उद्या सगळ्या पाकिटं घेऊन दारात येतील. पुढच्या छपाईत ती ओळ घाला. आत्ता काही लेखी द्यायचं नाही." मग सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "तुमचा कायम होण्याचा कागद मी याच आठवड्यात समितीपुढे ठेवतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कार्ड माझ्यापुढे होतं. एका बाजूला तिच्या वळणदार अक्षरात तिचा पत्ता, दुसरी बाजू कोरी. मला काय लिहायचं ते नेमकं माहीत होतं. चूक पाठाची आहे, तुमची नाही. बाही रेषेच्या बाहेर अर्धा इंच सोडून कापावी. काखेत पट्टी जोडावी. तीन वाक्यं. संचालक त्या दिवशी कचेरीत नव्हतेही. टपालाची पेटी आमच्याच जिन्याखाली होती. मी टाकलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

मी लिहिलं, "बाही बेतण्याचा सराव वाढवावा. शुभेच्छा."

का लिहिलं याची कारणं मी पुढे स्वतःला पुष्कळ दिली. नोकरी, आईचं औषधपाणी, संचालकांचा हुकूम. ती सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. तीन वाक्यं लिहिली असती तर ती चूक बाईंची नाही, मास्तरांची नाही, मधल्या समजूतदार मुलीची आहे, हे माझ्याच अक्षरात कागदावर उतरलं असतं. मी कार्ड पेटीत टाकलं आणि वर येऊन दहाव्या पाठाच्या आकृत्या जुळवायला घेतल्या.

तिची दहाव्या पाठाची उत्तरं आली नाहीत. अकराव्याचीही नाहीत. रजिस्टरात तिच्या नावापुढे मी "अभ्यास सोडला" अशी नोंद केली. त्या दिवाळीत मी कायम झाले. पुढच्या छपाईत ती ओळ गुपचूप परत आली. बाईंनी नंतर माझे पाठ तपासायचं तब्येतीचं कारण देऊन बंद केलं. मास्तरांनी मात्र पुढच्या भेटीत विचारलं, "त्या खाडीवाल्या बाईचं काय झालं? जमलं?" मी "हो" म्हणाले. त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायले.

काही वर्षांनी संस्था बंद पडली. त्याच दोन खोल्यांत संगणकाचे वर्ग आले आणि मी एका शाळेच्या कचेरीत लागले. पिवळी बाही माझ्या कपाटात होती. ती टाकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

नव्वदचं दशक निम्मं सरल्यावरची गोष्ट. भाचीच्या बारशासाठी साडी घेतली होती, तिच्यावर ब्लाऊजपीस शोधत मी नौपाड्यातल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये गेले. दुकानाच्या दाराशी, पायरीच्या आतल्या बाजूला, एक बाई लहानशा स्टुलावर बसून साडीला फॉल लावत होती. माझ्याच वयाची असेल. चापूनचोपून नेसलेली साडी, केसांत अबोलीचा गजरा, बोटं इतकी भरभर चालत होती की मी बघतच राहिले.

"फॉल-बिडिंग हिच्याकडेच द्या," दुकानदार म्हणाला. "अख्ख्या ठाण्यात असा हात मिळणार नाही."

साडी तिच्याकडे देताना मी विचारलं, "ब्लाऊजपण शिवाल का तुम्ही?"

"नाय बाय," ती हसून म्हणाली. "मी कापडाला कात्री नाय लावत. फॉल, हुकं, काजं, उसवलेलं काय असंल ते द्या."

"का? एवढा चांगला हात आहे."

"हाताचं काय! बेतायला डोकं लागतं, ते मना नाय. शिकलेले ना मी. पोस्टानं कोर्स केलेला, हितंच, नौपाड्याच्याच पत्त्यावर पाकीट टाकायची. सगळा नीट केला, पण ब्लाऊजला अडकले. हळदीचे सात ब्लाऊज वाया घालवले लोकांचे. अख्खं घर पिवळ्यात नि त्या सातजणी जुन्या कपड्यांत. नवरदेवाची आय पण त्यांच्यातच. वाडीत अजून बोलतात." हे तिनं इतक्या सवयीनं सांगितलं की ती गोष्ट तिनं किती वेळा सांगितली असेल ते मला कळलं. सांगताना सुई थांबली नाही.

मला तिथून निघून जाता आलं असतं. साडी देऊन झाली होती. पण आतापर्यंत गप्प राहून मी काय मिळवलं होतं ते मला माहीत होतं.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "पाठ चुकला होता."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मी त्या संस्थेत होते. तो पाठ मी लिहिला होता. बाही रेषेवर कापायची नव्हती. रेषेच्या बाहेर अर्धा इंच सोडायचं होतं. ती ओळ पाठातून निघून गेली." काढून टाकली असं म्हणायचं होतं. तेव्हाही तोंडातून निघून गेली असंच आलं.

सुई थांबली. तिनं डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी समोर धरली, मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून, आणि तिच्यातून बघावं तसं बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच."

दुकानात कोणीतरी मोरपिशी रंग मागत होतं. दुकानदार कापडाची ठाणं खाली काढत होता.  ती रडेल, नाहीतर चार शिव्या तरी घालील, असं मला वाटलं. घातल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते.

"मग ते कार्ड?" तिनं विचारलं. "माझ्या कार्डावर उत्तर आलेलं. ते कोणी लिवलेलं?"

"मी."

"तेव्हा ठावं होतं तुमाला?"

"हो."

तिनं मान हलवली. माझी साडी मांडीवर ओढून घेतली, फॉलची कड जुळवली आणि सुईत नवा दोरा ओवला. पहिल्याच खेपेला ओवला गेला. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती बोलली.

"मी केला ना सराव, बाय. दोन वरसं केला. रोज पेपर घ्यायची नि बाही कापायची, बरोबर रेषेवर. तुमी लिवलेलं म्हणून."